स्वीट इचसाठी म्हापशात शिवून घेतलेलं घोडीचं कव्हर: उन्हाळा आणि पावसाळा वापरून झाल्यावर

सरळ सांगते, घोड्याला स्वीट इच (चिलटं चावून उठणारी ॲलर्जीची खाज) असेल आणि तुम्ही गोव्यात राहत असाल तर मलमं आणि लोशनांवर पैसे घालवण्याआधी अंगभर जाळीचं कव्हर घ्या, आणि ते बाहेरून मागवण्यापेक्षा इथेच मापाने शिवून घ्या. आमच्या बिजलीचं आम्ही म्हापशातल्या एका कुशन-हूडवाल्याकडून शिवून घेतलं. रिक्षाची हुडं, बाईकच्या सीटा, पावसाळ्यात बाल्कनीला आणि पडवीला लावायच्या ताडपत्र्या असली कामं करणारा माणूस, घोड्याचं काही त्याने आयुष्यात शिवलं नव्हतं. अख्खा उन्हाळा आणि पावसाळा ते वापरून झालंय म्हणून आता सविस्तर लिहितेय. दुकानाचं नाव टाकत नाही कारण तो एकटा माणूस, मदतीला एक मुलगा, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच्या डोक्यावर ताडपत्र्यांची कामं असतात. पण म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठेही असा हूडवाला मिळेलच, आणि खाली जे लिहिलंय ते त्याला दाखवलंत तर त्याला जमेल.

आधी घोडीबद्दल. बिजली मारवाडी आहे, सारंगखेड्याच्या यात्रेतून आलेली, तापीकाठची ती दत्तजयंतीची मोठी घोडेयात्रा माहीत असेल तुम्हाला. आम्ही राहतो डिचोली तालुक्यात, मयेच्या बाजूला, म्हणजे तळं, शेतं, कुळागरं (पोफळी-माडांच्या बागा), सगळीकडे पाणीच पाणी. कोरड्या मुलखातनं आलेली घोडी इथे आली, पहिला पावसाळा कसाबसा गेला, आणि त्यानंतर तिने आयाळ घासायला सुरुवात केली. माडाच्या बुंध्याला, गेटच्या खांबाला, पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्याला, जे सापडेल त्याला. आयाळीचे केस मुळाशी तुटून नुसते खुंट राहिले, शेपटीचा वरचा भाग उंदराच्या शेपटीसारखा उघडा पडला, पोटाखाली मधोमध खपल्या आणि त्यातून लस. जो येईल तो खरूज म्हणायचा. फक्त आमचे सईसकाका, जे नंदुरबार बाजूचेच आहेत आणि लहानपणापासून घोड्यांत वाढलेत, ते पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "ताई, ही खरूज नाय. संध्याकाळी चिलटं येतात ना, तेव्हाच ही जास्त घासते, तुम्ही बघा नीट." बघितलं, तर खरंच तसं.

स्वीट इच म्हणजे ॲलर्जी आहे, लागण नाही, एका घोड्याची दुसऱ्याला होत नाही. क्युलिकॉइडिस नावाची बारकी चिलटं असतात, १ ते ३ मिलिमीटर, माणसाला ती दिसतातही जेमतेम. त्यांच्या माद्यांना अंडी घालायला रक्त लागतं म्हणून त्या चावतात, आणि चावताना जी लाळ कातडीत जाते त्या लाळेतल्या प्रथिनांची काही घोड्यांना ॲलर्जी असते. शेजारी उभ्या दुसऱ्या घोड्याला तीच चिलटं चावतात आणि त्याला काहीच होत नाही, म्हणून लोकांना पटत नाही की हे किड्यांमुळे आहे. ज्या घोड्याला ती ॲलर्जी एकदा सुरू झाली त्याला ती जन्मभर राहते, पुढे पुढे वाढतेही. आणि हे पुढच्या पिढीत उतरतं, म्हणजे अशा घोडीची पैदास करायच्या आधी दहादा विचार करावा. आइसलँडच्या घोड्यांचं उदाहरण या विषयातली माणसं नेहमी देतात, त्या देशात हे किडे नव्हतेच पूर्वापार, तिथे जन्मलेला घोडा मोठा झाल्यावर युरोपात पाठवला की त्याला हा त्रास होण्याचं प्रमाण खूप जास्त, आणि त्याच जातीचा घोडा युरोपातच जन्मलेला असेल तर कमी. लहानपणापासून चावून घेतलेलं अंग आणि एकदम मोठेपणी चावलेलं अंग यात फरक पडतो.

आता गोव्याचा भाग, कारण नेटवर वाचाल ते सगळं थंड देशांतलं असतं. तिकडे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर त्रास, मग थंडी पडली की चिलटं गेली, घोड्याची कातडी भरून येते, आयाळ पुन्हा वाढते. आपल्याकडे ती सुट्टी मिळतच नाही. पावसाळ्यात सरदचं भात, ते कापलं की खालच्या शेतांत वायंगण, म्हणजे डिसेंबरपासून पुन्हा शेतात पाणी. कुळागरात तर भर उन्हाळ्यात पाटाचं पाणी खेळतं. समुद्राजवळच्या गावांत खाजनांचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतांचा चिखल. या चिलटांना अंडी घालायला ओला चिखल, कुजलेला पाला आणि शेण मिसळलेली ओल लागते, म्हणजे आपण त्यांना बारा महिने पायघड्या घातल्यात. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की इथे खाज उठल्यावर ती बरी करत बसलात तर कधीच पुरे पडणार नाही, किडा अंगाला लागूच द्यायचा नाही, सगळा जोर तिथे लावायचा. कव्हर हा त्यातला सगळ्यात मोठा भाग.

बाहेरचं कव्हर आम्ही आधी वापरून बघितलं होतं, ओळखीच्या एका रायडिंगवाल्यांकडे पडून होतं ते त्यांनी दिलं. युरोपात हे प्रकरण फार पुढे गेलेलं आहे, स्वीडनच्या बोएट कंपनीचे रग, म्हणजे घोड्याची कव्हरं, तर खास याच आजारासाठी ओळखले जातात. आम्हाला मिळालेला दुसऱ्याच एका कंपनीचा होता. कापड उत्तम, शिलाई उत्तम, त्यात बोट ठेवायला जागा नाही. पण तो तिकडच्या रुंद छातीच्या, जाड मानेच्या घोड्यांच्या मापाचा. मारवाडी घोडी अरुंद, मान लांब आणि बारीक, उभी. खांद्यावर कापडाची घडी पडायची आणि छातीपाशी हात जाईल एवढी फट राहायची. चिलटांना हाताएवढी फट म्हणजे दरवाजाच. आणि कान! मारवाडीचे कान आतल्या बाजूला वळलेले असतात, टोकं एकमेकांना लागतात, हीच तर या जातीची ओळख. त्या रगाच्या डोक्यावरच्या टोपीत, म्हणजे हूडमध्ये, कानाच्या पिशव्या बाहेरच्या बाजूला सरळ उभ्या शिवलेल्या, बिजलीचे कान त्यात जबरदस्तीने घालावे लागायचे, मग ती डोकं झटकत राहायची आणि थोड्या वेळात एक तरी कान बाहेर. नवीन मागवायचा तर माल, कुरिअर, कस्टम ड्यूटी धरून वीस हजारांच्या वर जात होतं, आणि तेवढे घालूनही माप हेच राहणार होतं.

मग हूडवाल्याकडे गेलो. मास्तरना फोटो दाखवले, तो रग नेऊन दाखवला. त्यांनी आधी तो उलटा करून आतून बघितला, शिवणी बोटाने चाचपल्या, आणि म्हणाले, "बाय, फोटोवरून रिक्षाचं हूड सुद्धा मी करत नाही. घोडी बघू दे." आणि रविवारी खरंच आले, टेप घेऊन. घोड्याच्या जवळ कधी गेलेले नव्हते हे कळत होतं पण सईसकाकांनी बिजलीला धरलं, मास्तरनी आधी दुरून तिची चाल बघितली, मग ती मान खाली घालून चरते कशी ते बघितलं. हे मला फार आवडलं. कारण बहुतेक कव्हरांचं गणित इथेच चुकतं, घोडा उभा असताना माप बरोबर वाटतं आणि चरायला मान खाली घातली की मानेवरचं कापड ताणून पाठीवरचं पुढे ओढलं जातं, शेपटीचा भाग उघडा पडतो. मास्तरनी मानेचं माप दोनदा घेतलं, एकदा मान वर असताना आणि एकदा गवतात तोंड असताना, आणि मानेच्या वरच्या बाजूला, आयाळीच्या रेषेवर, चुण्या घालून जास्तीचं कापड सोडलं. खाली मान गेली की चुण्या उघडतात. रिक्षाच्या हुडाला जिथे घडी पडते तिथे ते हेच करतात म्हणे.

कापडाबद्दल नीट वाचा कारण इथेच सगळ्यांची फसगत होते. साधी मच्छरदाणीची जाळी चालत नाही. बाजारात जी १५६ मेशची, म्हणजे चौरस इंचाला १५६ भोकांची, मच्छरदाणी मिळते ती डासासाठी ठीक आहे, हे चिलट त्यातून आरामात आत येतं. दुकानात जाळी निवडताना मी मोहरी आणि खसखस पुडीत बांधून नेली होती. मच्छरदाणीच्या जाळीवर मोहरी टाकली तर ती वर राहते, खसखस टाकली तर खाली गळते. आपल्याला लागतं ते कापड असं की खसखशीचा एक दाणा सुद्धा आरपार जाता कामा नये, आणि तरीही तोंडाला लावून फुंकर मारली तर हवा पलीकडे हाताला लागली पाहिजे. ऑरगंझा दाखवला एकाने, दिसायला बारीक, पण घोड्याने एकदा खांबाला घासलं की फाटलाच. शेवटी पॉलिस्टरचं बारीक विणीचं जाळीचं कापड मिळालं, थोडं ताणलं जाणारं, फिक्या क्रीम रंगाचं. रंग मुद्दाम फिका, आपल्या उन्हात काळं निळं कव्हर घालून जनावर भाजून काढायचं नाही, शिवाय फिक्या कापडावर किडे बसलेले दिसतात आणि कुठे रक्ताचा डाग पडला तर तोही लगेच दिसतो.

खांद्याला आणि आयाळीच्या खाली आतून सॅटिनचं अस्तर. हे सांगायला विसरू नका, अस्तर नसेल तर कव्हरच घासून घासून उरलेले केस काढतं. पोटाखाली रुंद पट्टा, म्हणजे नुसती दोरी किंवा बेल्ट नाही, पूर्ण पोट झाकणारं कापड, दोन्ही बाजूंना इलॅस्टिक. बिजलीला सगळ्यात वाईट जखमा पोटाखालीच होत्या, नेमकी मधोमधची रेष, तिथे केस विरळ असतात आणि चिलटांना ती जागा आवडते. शेपटीला वेगळी पिशवी, वरचा वीतभर भाग झाकणारी, खालचे केस मोकळे म्हणजे माश्या हाकलायला तिला शेपूट वापरता येते. कानांच्या पिशव्या मास्तरनी आधी कागदाच्या कापून बघितल्या, बिजलीच्या डोक्यावर धरून, आतल्या बाजूला वळवून, आणि मग कापड कापलं. आज ती ते हूड घालून तासन् तास असते आणि डोकं झटकत नाही, याहून मोठं सर्टिफिकेट मी काय देणार.

किंमत, कापड आणि शिलाई मिळून ५,८०० रुपये. नंतर दुसरं शिवलं ते थोडं कमीत, कारण कागदाची मापं तयार होती.

आता जे आवडलं नाही तेही सांगते. पहिल्या कव्हरचं पोटाचं इलॅस्टिक कपड्यांना लावतात तसलं होतं, पावसाळा अर्धा होईपर्यंत सैल पडलं, आणि सैल पडलं की पट्टा लोंबतो, घोडीचा मागचा पाय त्यात अडकायची भीती. मास्तरकडे नेलं, त्यांनी पैसे न घेता बदलून दिलं आणि बॅगांना लावतात तसलं जाड इलॅस्टिक घातलं, पण तुम्ही सुरुवातीपासूनच ते मागा. वेल्क्रो छातीपाशी लावलं होतं, त्यात केस आणि गवताचे काटे भरून ते धरेनासं झालं, आता तिथे प्लास्टिकची क्लिप आहे. क्लिप मुद्दाम प्लास्टिकची, धातूचं बकल नको, घोडा कुठे अडकलाच तर क्लिप तुटली पाहिजे, पाय किंवा मान नाही. शिलाई एका ठिकाणी उसवली, खांद्याच्या टोकाला, तिथे दुहेरी शिवण हवीच.

आणि उकाडा. हा प्रश्न खरा आहे, कोणी नाही म्हटलं तर विश्वास ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये दुपारी कव्हरच्या आत हात घातला तर ओल लागते. त्यावर आमचा तोडगा म्हणजे वेळ. ही चिलटं पहाटे आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त असतात, दिवस मावळायच्या आधीपासून अंधार पडेपर्यंत आणि पहाट ते ऊन वर येईपर्यंत. दुपारच्या कडक उन्हात आणि वाऱ्यात ती कमी असतात. म्हणून उन्हाळ्यात दुपारी कव्हर काढून, अंग पुसून, सावलीत मोकळी. साधारण चारनंतर पुन्हा कव्हर. पावसाळ्यात मात्र ढगाळ दमट दिवसाला दुपार सुद्धा सुरक्षित नसते, तेव्हा कव्हर अंगावरच. पण भिजलेलं कव्हर तासन् तास अंगावर ठेवायचं नाही. ओल्या कातडीवर डर्मॅटोफायलस नावाचा जंतू धरतो, रेन रॉट म्हणतात त्याला, पाठीवर केसांचे पुंजके खपलीसकट उपटून हातात येतात. एक आजार झाकायला जाऊन दुसरा ओढवून घ्यायचा नसेल तर दोन कव्हरं पाहिजेतच, एक अंगावर एक वाळत. आणि गोव्याच्या जुलैमध्ये कपडा वाळणं काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. आम्ही चुलीवरच्या माळ्याखाली दोरी बांधलीय, तिथे वाळतं, थोडा धुराचा वास लागतो पण बुरशी धरत नाही. धुवायला साधा सौम्य साबण, भरपूर पाण्यात खळबळून, साबण राहिला तर त्यानेच खाज सुटते.

धुरावरून आठवलं. आपल्याकडे गोठ्यात संध्याकाळी सोडणांची (नारळाच्या सालींची) धुरी करतात, किडे पळतात, हे खरंच आहे, आणि मला कितीतरी जणांनी तेच सुचवलं. उघड्या अंगणात वाऱ्याच्या बाजूने थोडा धूर ठीक, पण बंद तबेल्यात घोड्याला धुरात उभं करू नका, घोड्याची श्वासनलिका फार नाजूक असते, धूळ आणि धुराने त्याला दम्यासारखा कायमचा खोकला लागू शकतो. धुरापेक्षा फॅन कितीतरी चांगला. ही चिलटं उडण्यात एकदम कमजोर, साधारण ताशी ८-१० किलोमीटरच्या वर वारा असला की त्यांना उडता येत नाही, आणि मोठ्या फॅनसमोर तेवढा वारा सहज मिळतो. आम्ही भिंतीवरचा मोठा फॅन लावलाय, घोडीच्या मानेच्या उंचीवर, तिचं तोंड पोचणार नाही असा, वायर पाइपमधून. छताचा पंखा नको, त्याने हवा फिरते पण अंगावर थेट तेवढा वारा लागत नाही. बिजली आता संध्याकाळी आपणहून त्या बाजूला जाऊन उभी राहते, शेपूट फॅनकडे करून. पावसात लाईट जाते तेव्हा मात्र कव्हरच एकटं काम करतं, म्हणून फॅन लावला तर कव्हर नको असं कोणी समजू नका. उलटही नाही. तबेल्यात नुसतं आत बांधल्याने सुद्धा भागत नाही, या किड्यांच्या काही जाती बिनदिक्कत आत शिरतात.

जागा बदलता आली तर याहून मोठा उपाय नाही. ही चिलटं जिथे जन्मली तिथून बहुतेक काही शे मीटरच्या आतच फिरतात. आमच्या ओळखीत एकांचा घोडा खाली शेताच्या कडेला होता तो त्यांनी वर सड्यावर हलवला, उघडा जांभ्याचा सडा, दिवसभर वारा, पाणी साचतं ते फक्त पावसात, आणि त्याची खाज औषधाशिवाय अर्ध्याहून कमी झाली. आम्हाला ते शक्य नाही, घर सोडून जाणार कुठे, पण उकिरडा लांब नेला, पाण्याच्या टाकीखालची गळती दुरुस्त केली, तिथे कायम चिखल असायचा. शेजाऱ्यांच्या म्हशींचा गोठा आहे तो काही हलवता येत नाही.

आता लोशनं. मेडिकलमध्ये खरजेसाठी २५ टक्के बेन्झिल बेन्झोएट मिळतं, स्वस्त आहे, घोडेवाले बऱ्याच देशांत स्वीट इचला वापरतात, त्याने किडा बसत नाही. चेहरा उघडा राहतो तिथे किंवा कव्हर धुवायला काढलं की आम्ही लावतो. पण कातडी फुटलेली, लस येत असलेली असेल तिथे अजिबात लावू नका, भयंकर झोंबतं, घोडं एकदा झोंबलं की पुढच्या वेळेला बाटली बघूनच मागे सरतं. जखम आधी भरू द्या. करंज तेल किंवा कडुनिंबाचं तेल खोबरेलात मिसळून लावणारे आहेत, आमचे सईसकाका त्यातलेच, तेलाचा थर असतो तोवर किडा टिकत नाही, फायदा होतो पण घाम आणि पावसाने दोन तासांत उतरतं, आणि तेल लावून उन्हात सोडलं तर कातडी तापते. आधी मानेवर रुपयाएवढ्या जागेत लावून एक दिवस बघा, अशा घोड्यांची कातडी आधीच चिडलेली असते, कशानेही उठते. परमेथ्रिनवाले स्प्रे जास्त टिकतात, पण तबेल्यात मांजर असेल तर सांभाळून, मांजराला ते विषारी आहे, आणि मासळीलाही, तळ्या-ओढ्याच्या पाण्यात धुवून सोडू नका.

स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं की दोन दिवसांत खाज थांबते हे खरं, आमच्या डॉक्टरांनी फार वाईट अवस्था होती तेव्हा एकदाच थोडे दिवस दिलं होतं. पण ते स्वतःच म्हणाले की हे वारंवार देणार नाही, कारण स्टिरॉइडने घोड्याला लॅमिनायटिस होऊ शकतो, म्हणजे खुराच्या आतली सूज, आणि त्यात घोडं कायमचं पायातून जातं. खाजेपेक्षा ते शंभरपट वाईट. त्यामुळे कोणी दर महिन्याला इंजेक्शन मारतो म्हणाला तर नको म्हणा. आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी कव्हर शिवायला टाकू नका, कारण शेपूट घासण्याची कारणं अजूनही असतात. पिनवर्म नावाचे जंत असतात, त्यांची अंडी शेपटीखाली गुदद्वाराजवळ असतात, डॉक्टर तिथे चिकटपट्टी लावून ती मायक्रोस्कोपखाली बघतात, पाच मिनिटांचं काम. उवा, खरजेचे किडे, नायटा, हेही बघून घ्यायचं. स्वीट इचची खूण म्हणजे जागा आणि ऋतू: आयाळ, शेपटीचं मूळ, पोटाची रेष, कान, आणि चिलटं वाढली की वाढणार, वाऱ्याच्या कोरड्या दिवसांत कमी होणार. बिजलीचं तसंच होतं, बाकी सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या तेव्हाच आम्ही कव्हरच्या मागे लागलो.

फरक किती पडला ते विचाराल. पोटाखालच्या खपल्या पूर्ण गेल्या, तिथे आता बोट फिरवलं तर कातडी मऊ लागते, थोडी जाड आहे अजून पण उघडी नाही. आयाळ बोटभर उभी वाढलीय आणि लोळायला लागलीय एका बाजूला. शेपटीच्या मुळाशी बारीक केस आलेत. खरारा करताना आधी मानेपाशी ब्रश नेला की ती ओठ वाकडे करून अंगावर रेलायची, खाजवून घ्यायला, इतकी की लेकीला भिंतीशी दाबून टाकायची. ते आता जवळजवळ थांबलंय, आणि माझी लेक पुन्हा एकटी तिचा खरारा करते. सगळं गेलं का, तर नाही. ज्या दिवशी संध्याकाळी कव्हर घालायला उशीर झाला त्या दिवशी दुसऱ्या सकाळी खांबाला केस चिकटलेले असतातच. डोळ्यांच्या आसपास अजून उठतं, कारण चेहऱ्याचा मास्क अजून नीट जमलेला नाही, नाकाशी सैल राहतो. तो मास्तरना पुन्हा करायला सांगितलाय.

म्हणून पाचपैकी साडेचार देईन. अर्धा इलॅस्टिकचा आणि मास्कचा कापलाय, बाकी कामाला तोड नाही. फक्त एक, बाजारात उभं राहून घोड्याची लांबी तोंडी सांगून शिवून मागू नका, टेलरला घोडा दाखवा, आणि दाखवताना घोडा चरताना दाखवा. छातीच्या मध्यापासून मागच्या मांडीच्या टोकापर्यंतचं अंतर, मान खाली असताना कानांमधून खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत, पोटाचा घेर पोट भरलेलं असताना, एवढी मापं तरी लिहून न्या. आणि ऑर्डर फेब्रुवारी-मार्चमध्येच द्या. मेमध्ये गेलात तर समोर ताडपत्र्यांचा ढीग असतो, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कुठलाच हूडवाला पहिले पंधरा दिवस तुमचं ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नसतो.